तलवार आली, तिची गोष्टही येऊ द्या

वणीजवळ मंदर नावाचं गाव आहे. १७३० च्या सुमारास या गावाजवळ एका काकाला त्याच्या पुतण्याने कैद केलं. काका म्हणजे कान्होजी भोसले. त्यांचं ठाणं भाम इथे, तेही आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात. छत्रपती शाहूंशी त्यांचं बिनसलं, तेव्हा शाहूंनी त्यांच्यावर पाठवलं ते याच पुतण्याला, रघुजी भोसल्यांना. भामला वेढा पडला, कान्होजी निसटले आणि मंदरजवळ सापडले. उरलेलं आयुष्य त्यांनी साताऱ्याच्या कैदेत काढलं. त्यांच्याकडचं ‘सेनासाहेब सुभा’ हे पद रघुजींकडे गेलं.

तेच पद रघुजींच्या एका तलवारीच्या पात्यावर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं आहे. पातं फिरंगी, म्हणजे युरोपात घडवलेलं. मूठ आपल्याकडच्या घडणीची, तिच्यावरही सोन्याची नक्षी. एप्रिल २०२५ मध्ये ही तलवार लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती घेतली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले. १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली, तेव्हा विमानतळावर ढोल वाजले. मलाही आनंद झाला, अगदी मनापासून.

चार दिवसांनी ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, “भाऊ, चोरीले गेलेला बैल बाजारात दिसला अन् मीच पैसे मोजून घरी आणला, त त्याले परत भेटला म्हणाव का इकत घेतला म्हणाव?”

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तलवार नागपूरच्या भोसल्यांकडून बाहेर गेली ती बहुधा इंग्रजांशी १८१७ मध्ये झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत, असा सरकारचा अंदाज आहे. लुटीच्या मालाचा आपण भाव दिला, ही बोच खरी आहे. पण दुसरा रस्ता कोणता होता? चोरीच्या पुराणवस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० चा. त्याआधी जे गेलं त्याला तो लागू होत नाही. राहतं काय, तर विनंती करणं, उसनं आणणं किंवा विकत घेणं. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये आलेली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली, कारण ती लंडनच्या ज्या संग्रहालयाकडे आहेत त्याला स्वतःकडची वस्तू कायमची देऊन टाकायला तिथला कायदा आडवा येतो. कायदा मात्र माणसंच करतात आणि माणसंच बदलतात. इंग्रज फौजेने १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातून लुटलेल्या आणि पुढे जर्मनीत पोचलेल्या २० कलावस्तू जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री डिसेंबर २०२२ मध्ये स्वतः नायजेरियाला घेऊन गेल्या. लूट जर्मनांनी केली नव्हती, तरी वस्तू त्यांनी परत केल्या. मनात असलं की वाट निघते, ती अशी.

“आम्ही होतो म्हणून या वस्तू टिकल्या,” असं तिकडची संग्रहालयं सांगतात. जपणूक त्यांनी केली, हे मान्य करायला हवं. पण शेजाऱ्याचं भांडं घासूनपुसून ठेवलं म्हणून ते आपलं होत नाही. हा मुद्दा माझ्या लेखी इथेच संपतो.

मला जास्त छळतो तो वेगळा प्रश्न. ही तलवार ज्या रघुजींची म्हणून आपण मिरवली, त्यांच्याच फौजा १७४० च्या दशकात वर्षामागून वर्ष बंगालवर चालून गेल्या. गावं जळली, माणसं घरं सोडून पळाली. शेवटी १७५१ च्या तहात बंगालच्या नवाबाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली. बंगाली आया आजही अंगाईत ‘बर्गी’ आले म्हणून लेकराला झोपवतात. ते बर्गी म्हणजे आपले स्वार. तिकडच्या म्हाताऱ्या बाईला ही तलवार दाखवली, तर तिला काय आठवेल?

याचा अर्थ तलवार आणायला नको होती, असा मी मुळीच काढत नाही. रघुजींचं कर्तृत्व मोठं होतं आणि तलवार इथलीच आहे. पण आपल्या घरातून गेलेलं मागताना, आपण दुसऱ्याच्या घरातून काय आणलं तेही सांगायची तयारी हवी. लुटीचं दुःख नागपूरला झालं तसंच ते बंगालमधल्या कटव्याला आणि मेदिनीपूरलाही झालं. इंग्रजांकडून आपण ज्या कबुलीची अपेक्षा धरतो, ती आधी आपल्या तोंडून निघाली तर आपल्या मागणीचं वजन वाढेल.

म्हणून सांस्कृतिक कार्य विभागाला एक मागणं आहे. ही तलवार कायमची जिथे ठेवाल, तिथल्या काचेशेजारच्या फलकावर सोनेरी अक्षरांच्या वर्णनासोबत भाम आणि मंदर ही दोन नावं लिहा. सीताबर्डी लिहा. आणि बंगालमध्ये काय घडलं, तेही चार ओळींत लिहा. ही मागणी मी विभागाला पत्राने पाठवत आहे. वाचकांपैकी ज्यांना पटेल, त्यांनीही एक पत्र पाठवावं.