मालीश कोणाच्या हातची?



आपल्या वऱ्हाडात अंगाला तेल चोळणे नवे नाही. बाळंतिणीला आणि बाळाला मालीश करायला बाई येते. आखाड्यात मल्ल एकमेकांचे अंग रगडतात. कोणी कोणाला हात लावायचा, हे तिथे रूढीने ठरलेले आहे. पण लकवा झाला किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, की अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यात मालीश आणि व्यायामासाठी जावे लागते. तिथे समोर कधी पुरुष असतो, कधी स्त्री. अशा वेळी "मला बाईच हवी" किंवा "मला पुरुषच हवा" असे म्हणणे योग्य आहे काय? की तो एका शिकलेल्या, प्रामाणिक माणसाचा अपमान आहे?

प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. लाजेपायी काही आयाबाया चार दिवसांत उपचार सोडतात आणि कारण कोणालाच सांगत नाहीत. लकव्यानंतरचे पहिले महिने हातापायांत बळ परत येण्यासाठी फार मोलाचे असतात. ते असे वाया जातात.

आम्हांला वाटते, अशी निवड सांगणे पाप नाही. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल शिकवतो. मंदिराला दार असते आणि लज्जा ही त्या दाराची राखणदार आहे. ख्रिस्तसभेने ही लज्जा पूर्वीपासून जपली. तिसऱ्या शतकातील 'दिदास्कालिया' या ग्रंथात सांगितले आहे, की स्नानसंस्काराच्या वेळी स्त्रियांना तेलाचा अभ्यंग स्त्री-सेविकेने करावा आणि आजारातून उठणाऱ्या स्त्रियांना तिनेच स्नान घालावे. आपल्या देशात पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा दुखणे सोसणाऱ्या स्त्रियांसाठीच आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. याच दुःखाने कळवळून डॉ. अॅना डेंगेल यांनी 1925 साली वैद्यकीय सेवा करणाऱ्या सिस्टरांचा संघ स्थापन केला. सिस्टरांना प्रसूतीसह सर्व वैद्यकसेवा करण्याची मोकळीक रोमने 1936 साली दिली.

मात्र प्रत्येक निवडीमागे लज्जाच असते असे नाही. एखादा पुरुष दुखणे नसताना स्त्रीच्याच हातची मालीश मागतो, तेव्हा तो सेवा मागत नाही. तो एका व्यक्तीला वस्तू करतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे तत्त्वज्ञ कांटने सांगितले. येशूने तर वासनेने पाहण्यालाही पाप म्हटले. दुसरा कोणी उपचार करणाऱ्याची जात विचारतो, किंवा पुरुष आहे एवढ्यावरूनच त्याच्याविषयी वाईट बोलतो. तिथे लज्जेच्या नावाखाली तिरस्कार शिरतो.

मग पारख कशी करायची? प्रभूकडे पाहू या. शिमोन परूश्याच्या घरी एका स्त्रीने त्याच्या पायांना सुगंधी तेल लावले. शिमोनाला त्यात पाप दिसले, येशूला प्रीती दिसली. पुनरुत्थानानंतर मग्दालीया मरीयेला त्याने धरून ठेवू दिले नाही, आणि आठ दिवसांनी थोमाला मात्र जखमांना हात लावण्यास बोलावले. कोठे स्पर्श स्वीकारायचा आणि कोठे मर्यादा घालायची हे त्याने ठरवले. पण मरीयेचा अपमान केला नाही. उलट तिलाच शुभवार्ता देऊन पाठवले. मर्यादा घालावी, माणूस तोडू नये.

म्हणून भगिनींनो, संकोच वाटत असेल तर पहिल्याच दिवशी शांतपणे सांगा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही, पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा स्त्री-रुग्णाचा हक्क मान्य केला आहे. घरच्यांनो, "त्यात काय लाजायचे?" असे म्हणून तिला गप्प करू नका. उपचार करणाऱ्यांनो, नकार मनाला लावून घेऊ नका. आणि दुसरे कोणीच उपलब्ध नसेल, तर घरचे माणूस जवळ बसवून उपचार घ्या. वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या माणसाच्या जखमांवर शोमरोन्याने तेल ओतले. ते परक्याच्या हातचे असले तरी देवाच्याच दयेचे होते.

आजारी आणि त्यांची सेवा करणारे, या दोघांनाही प्रभू आशीर्वाद देवो.