आधण आणि समास



बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या नीट लिहिणे व सांभाळणे ही ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेने (कलम ५३५) प्रमुख धर्मगुरूवर सोपवलेली जबाबदारी आहे. कोरड्या हातांनी पान उलटायचे. नाव, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, तारीख दोनदा पडताळायची. हाताला लागलेली ही सवय माझ्या चहातही उतरली आहे. पाणी मोजून, गवती चहाची पाती सारखी कापून, पावडर सपाट चमच्याने आणि वर झाकण ठेवून घड्याळाप्रमाणे तीन मिनिटे!

गेल्या महिन्यात एक वडीलधारे गृहस्थ दाखला न्यायला आले. "बसा, चहा घेऊ," म्हणून मी आत गेलो. ते बाहेरून काही बोलू लागले. "हो, आलोच," मी आतूनच म्हणालो. घड्याळात अजून एक मिनिट बाकी होते. मी बाहेर आलो तेव्हा ते उभे होते. "छान झालाय, फादर," म्हणत त्यांनी घाईने कप रिकामा केला आणि ते गेले. त्यांच्या पत्नीचे ऑपरेशन ठरले होते. दाखला निमित्त होता. ते मनातली भीती सांगायला आले होते. हे मला आठवड्याने कळले. त्यांच्या अनुमतीनेच लिहीत आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था (१०:३८-४२) आपल्याला ठाऊक आहे. प्रभूने तिच्या सेवेला दोष दिला नाही. पाहुणचाराच्या धांदलीत पाहुणाच तिच्या नजरेआड झाला होता, तिकडे त्याने लक्ष वेधले. माझेही तेच झाले.

मग काटेकोरपणा सोडायचा का? नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समास मोकळा असतो. पुढे दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा झाली की ते तिथे लिहितात. वहीची एवढी काळजी घ्यायची ती त्या एका माणसासाठी, त्याच्या आयुष्यात अजून जे घडायचे आहे त्यासाठी. माझ्या चहात मी समासच ठेवला नव्हता.

नंतर मी त्यांच्या घरी गेलो. चहा त्यांनीच केला. साखर जास्त, दूध उतू गेलेले. तासभर ऐकत बसलो.

या आठवड्यात कोणी तुमच्या दारी आले, तर आधण जरूर ठेवा. पण गॅस बारीक करून आधी बाहेर या आणि त्यांच्याजवळ बसा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू