थांबणे आणि खरे सांगणे

येथे उज्जैनमध्ये एखाद्या मराठी घरात कर्करोग निघाला की इंदूर गाठावे लागते, नाही तर अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई. रोग स्वादुपिंडाचा असला तर सर्जन पुष्कळदा सांगतात की, शस्त्रक्रिया आज नाही. आधी काही महिने केमोथेरपी, जरूर पडल्यास किरणोपचार, मग पाहू. घरची माणसे हादरतात. गाठ दिसत असता ती पोटात ठेवून थांबणे योग्य कसे?

प्रश्न रास्त आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून असते. रोग कळतो तेव्हा १०० पैकी १५ ते २० जणांचीच गाठ लगेच काढण्याजोगी असते. ती वाहिन्यांना भिडली असेल तर शस्त्रक्रियेनंतरही अंश मागे राहण्याचा धोका असतो. शिवाय डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी बहुधा आधीच दूर गेलेल्या असतात. आधी दिलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचते. उपचार चालू असतानाही रोग पसरला, तर निरुपयोगी ठरणारी एक जबर शस्त्रक्रिया टळते. नेदरलँड्समध्ये २४६ रुग्णांवर हे पडताळून पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्यांना आधी केमोथेरपी व किरणोपचार दिले त्यांच्यातील १०० पैकी सुमारे २० जण पाच वर्षांनंतर जिवंत होते. ज्यांच्यासाठी आधी शस्त्रक्रिया ठरली त्यांच्यातील सहा-सात. म्हणजे हे थांबणे हयगय नव्हे.

परंतु २० म्हणजे ८० नव्हेत, आणि येथेच आमची खरी कसोटी लागते. "अल्सर आहे, बरे व्हाल," असे आम्ही आजाऱ्याला सांगतो. ओकाऱ्या, अशक्तपणा, पुन्हा पुन्हा प्रवास हे सारे त्याने सोसावयाचे, आणि कशासाठी ते त्यालाच ठाऊक नाही! ही माया खरी. पण त्याच्या देहाचा निर्णय आम्ही त्याच्या हातून काढून घेतो. यशयाने हिज्कियाला त्याच्या आजाराचे सत्य स्पष्ट सांगितले. राजा रडला, त्याने प्रार्थना केली. आणि त्याच संदेष्ट्याने अंजिरांचा लेपही लावावयास सांगितला. सत्य, प्रार्थना व औषध एकाच खोलीत होती.

तेव्हा वाचकहो, आजाऱ्याला विचारावे, "तुम्हांला किती जाणून घ्यावयाचे आहे?" तो जेवढे विचारील तेवढे खरे सांगावे. मग त्या लांब महिन्यांत आळीपाळीने डबा न्यावा, गाडीत सोबत बसावे. केमो सोडून अमुक काढा घ्या, असा सल्ला मात्र देऊ नये. थांबणे त्याच्या वाट्याला आले आहे. एकटे थांबणे येऊ नये, एवढे आमच्या हाती आहे.