प्रश्न उद्भवत नाही

८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर सोळा माणसं मालगाडीखाली गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे हे मध्य प्रदेशातले मजूर. कोविडच्या टाळेबंदीमुळे काम बंद पडलं होतं. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने ते रात्रभर चालले आणि थकून रुळांवरच आडवे झाले. सकाळी रुळांवर चपला होत्या आणि वाटेसाठी बांधून घेतलेल्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. चार महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, लोकसभेत केंद्रीय श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले. लेखी उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. नुकसानभरपाईचं काय, या पुढच्या भागाला उत्तर होतं की वरील बाब पाहता प्रश्न उद्भवत नाही. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची यादी वाचणाऱ्या कुणालाही हे शब्द ओळखीचे आहेत. एरवी ते विलंबाच्या कारणांपुढे किंवा चौकशीच्या रकान्यात दिसतात. इथे ते मेलेल्या माणसांपुढे होते.

हे उत्तर खोटं होतं असं म्हणता येणार नाही, आणि त्यातच त्याचा खरा दोष आहे. करमाडच्या सोळा मृत्यूंचा पंचनामा झाला होता, शवविच्छेदन झालं होतं, रेल्वेने चौकशीही लावली होती. मृत्यू रस्त्यावर झाला असो वा रुळांवर, तो कुठल्या ना कुठल्या पोलीस ठाण्याच्या दप्तरात नोंदला गेलाच असणार. नोंदी होत्या, फक्त बेरीज कुणी केली नव्हती. काही स्वतंत्र अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्या जुळवून ती केली, तेव्हा टाळेबंदीमुळे ओढवलेल्या, पण विषाणूमुळे न झालेल्या मृत्यूंचा आकडा नऊशेच्या वर गेला. सरकारला हे जमलं नसतं का? त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेला असाच प्रश्न विचारला गेला आणि आकडा आला. ९ सप्टेंबरपर्यंत मजुरांना घरी नेणाऱ्या श्रमिक विशेष गाड्यांत ९७ जणांचा मृत्यू झाला होता. किती गाड्या सुटल्या, किती लाख प्रवासी पोहोचले, किती कोटी लोकांना दरमहा पाच किलो धान्य दिलं, हे हिशेब तर चोख तयार होते. राज्यसंस्था आपण दिलेलं आपणहून मोजते, लोकांनी गमावलेलं मात्र कुणी विचारल्यावरच मोजते. म्हणून संसदेची देखरेख हा केवळ कार्यपद्धतीचा विषय राहत नाही, त्यात नीतीचा प्रश्न येतो. ज्याची बेरीज होत नाही त्या दुःखाचं उत्तरदायित्व कुणाकडेच जात नाही.

त्या वर्षी हा विचारणारा कुठे होता? २३ मार्च २०२० ला संसद संस्थगित झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता जाहीर झालेली टाळेबंदी मध्यरात्रीपासून लागू झाली. माणसं चालत निघाली ती त्यानंतर. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात केंद्राच्या वतीने सांगितलं गेलं की आता रस्त्यावर कुणी नाही. सभागृह चालू असतं तर त्याच दुपारी एखाद्या महामार्गालगतच्या मतदारसंघाचा खासदार उठून आपल्याकडचं चित्र सांगू शकला असता. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नको, असं संविधानाचं कलम ८५ सांगतं. संसद भरली ती १७५ दिवसांनी, मुदत संपत आली असताना. भरली तीही प्रश्नोत्तराचा तास वगळून. लेखी उत्तरं मिळणार होती, पण उपप्रश्न नव्हता. हा फरक किरकोळ नाही. ‘माहिती ठेवलेली नाही’ या वाक्यावर सभागृहात लगेच पुढचा प्रश्न आला असता की का ठेवली नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर प्रत्येक मजुराचा तपशील कळवण्याची आणि त्याला पासबुक देण्याची सक्ती केली होती, त्या नोंदींचं काय झालं? लेखी उत्तराला असा प्रतिप्रश्न करता येत नाही. ते पटलावर ठेवलं जातं आणि तिथेच राहतं.

यावर पहिला आक्षेप जिवाच्या धोक्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच अधिवेशनात अनेक खासदार बाधित निघाले. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचं २३ सप्टेंबरला कोविडनेच निधन झालं, आणि अधिवेशन त्याच दिवशी, ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी गुंडाळावं लागलं. पण धोका होता म्हणून पर्याय शोधायचा की काम थांबवायचं? ब्रिटनच्या साडेसहाशे सदस्यांच्या हाउस ऑफ कॉमन्सने एप्रिलमध्येच काही सदस्यांना पडद्यावर आणून प्रश्न सुरू ठेवले. न्यूझीलंडने संसद थांबवताना २५ मार्चला अकरा सदस्यांची खास समिती नेमली. तीत विरोधकांचं बहुमत होतं, अध्यक्ष विरोधी पक्षनेते सायमन ब्रिजेस होते, आणि मंत्र्यांची उलटतपासणी झूमवरून देशभर थेट दिसत होती. तो जेमतेम पन्नास लाखांचा देश आहे, हे खरं. पण आपल्याकडेही त्या काळात सर्वोच्च न्यायालय दूरदृश्य पद्धतीने सुनावण्या घेत होतं, शाळकरी मुलं मोबाइलवर शिकत होती. संसदीय समित्यांना मात्र गोपनीयतेचं कारण देऊन तशी परवानगी मिळाली नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. घर पेटलेलं असताना आग विझवायची की सरकारी बाबूंना उत्तरं लिहायला बसवायचं? मात्र वेळ नव्हता असं ते अधिवेशनच सांगत नाही. दहा दिवसांत पंचवीस विधेयकं मंजूर झाली. त्यांत तीन कृषी विधेयकं होती आणि श्रम मंत्रालयाच्या तीन संहिताही होत्या. मजुरांच्या मृत्यूंची माहिती ज्या मंत्रालयाकडे नव्हती, त्याच मंत्रालयाने नऊ दिवसांत मजुरांचं कायदेशीर भवितव्य नव्याने लिहून घेतलं, आणि १९७९ चा तो कायदाही त्यात विलीन झाला. शिवाय देखरेखीने आग विझवणाऱ्यांचा वेळ जातो, हेही अर्धसत्य आहे. कधी कधी पुढची आग कुठे लागेल हे तीच दाखवते. आरोग्यविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यसभेच्या सभापतींना दिलेल्या अहवालात रुग्णालयांच्या मागणीइतका प्राणवायू तयार होईल याची तजवीज करा, असं बजावलं होतं. त्यानंतरचं हिवाळी अधिवेशन झालंच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये काय घडलं, ते सिलिंडरसाठी वणवण केलेल्या घरांना सांगायला नको.

तिसरा आक्षेप संघराज्याचा आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय, मग केंद्राला जाब कशाचा? जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत नेमका हाच आधार घेतला गेला. प्राणवायूच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही, असं लेखी उत्तर आलं. देणाऱ्या राज्यमंत्री भारती पवार या दिंडोरीच्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्याच तेव्हाच्या खासदार. त्याआधी तीनच महिने, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले. तांत्रिकदृष्ट्या ही गळती, तुटवडा नव्हे. कागदावर हा भेद टिकतो, खाटेवरच्या माणसाला तो कळत नाही. राज्यांनी कळवलं नाही, यात राज्यांचाही दोष आहेच. महाराष्ट्रात तेव्हा केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांच्या विरोधकांचं सरकार होतं. त्या सरकारने सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२० आणि जुलै २०२१ ही तिन्ही अधिवेशनं दोन-दोन दिवसांत उरकली. मुंबईत सत्तेत असताना अधिवेशन छोटं करणारे दिल्लीत ते मोठं करा म्हणून ओरडत होते, आणि दिल्लीतले मुंबईत. प्रश्न नकोसा वाटणं हा कुठल्या पक्षाचा नव्हे, खुर्चीचाच गुण आहे.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. प्लेगसाठी १८९७ मध्ये घाईने केलेला साथरोग कायदा २०२० मध्येही लागू होता. मुळात चार कलमांच्या त्या कायद्यात एक कलम अधिकाऱ्यांना संरक्षण देणारं आहे, त्यांना जाब विचारणारं एकही नाही. पुण्यात घरझडतीच्या नावाखाली सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची पत्रं गोपाळ कृष्ण गोखल्यांना इंग्लंडमध्ये मिळाली. त्यांनी ते आरोप तिथे जाहीरपणे मांडले. परतल्यावर पुरावा मागितला गेला, साक्षीला कुणी पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. परक्या राजवटीत सिद्ध करण्याचं ओझं विचारणाऱ्यावर होतं. निवडून आलेल्या सभागृहाचा अर्थच असा की ते ओझं उलटतं. विचारणाऱ्याने विचारावं आणि दप्तर ज्याच्या हाती त्याने हिशेब द्यावा. ‘माहिती ठेवलेली नाही’ हे उत्तर चालवून घेतलं की आपण नकळत १८९७ मध्ये परत जातो. पुरावा आणण्याची जबाबदारी पुन्हा करमाडजवळ गेलेल्या मजुराच्या विधवेवर पडते.

मोजून गेलेला माणूस परत येतो का, असं कुणी विचारेल. येत नाही. पण मागे राहिलेल्यांचं काय होतं ते मोजणीवर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना पन्नास हजार रुपये ठरले, तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि अर्ज आले दोन लाखांहून अधिक. मोजणीला पैशाचं प्रयोजन मिळताच आकडा बदलला. रस्त्यावर आणि रुळांवर गेलेले मात्र त्या व्याख्येत बसत नव्हते. पुढची साथ येईल तेव्हा लस आणि खाटांइतकीच एका साध्या नियमाची गरज लागेल. आपत्तीचे विशेष अधिकार सरकारने हाती घेतले त्याच दिवशी विरोधकांच्या अध्यक्षतेखालची समिती आपोआप कामाला लागावी, जमेल तर सभागृहात, नाही तर पडद्यावर. मतदार म्हणून आपण आपल्या आमदार-खासदाराकडे रस्ता आणि नळ मागतो, तसा हा नियमही मागायला हवा. कारण प्रश्न आपोआप उद्भवत नसतो. तो कुणाला तरी उभं राहून विचारावा लागतो.