अधांतरीची कुटी

जमिनीपासून उंच बांधलेल्या निवाऱ्यात वस्तूचे वजन कुणाला तरी पेलावेच लागते. म्हणून गरज कुठे संपते आणि परिग्रह, म्हणजे संग्रह, कुठे सुरू होतो, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न तिथे किलोत मोजता येतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणांवरून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. सोबत पाण्याची बाटली, डबा, पांघरूण आणि नोंदवही पुरते. बोलणे, अत्तर, विडी वर्ज्य. उजाडेपर्यंत मचाणाची फळीच घर असते.

ज्या बुद्धाची ही पौर्णिमा, त्याच्या विनयपिटकानेही, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथानेही, घराचे माप ठरवून दिले आहे. आळवीच्या भिक्षूंनी बांधकामासाठी मागून मागून लोकांना सळो की पळो केले, तेव्हा नियम झाला: दात्याविना स्वतःसाठी बांधलेली कुटी सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, वितीने 12 वीत लांब, 7 वीत रुंद असावी, जागा जीवांना उपद्रव न होणारी, भोवती फिरता येईल अशी असावी. दुसरा नियम ‘वेहासकुटी’चा, म्हणजे माळ्याचा; पालीत ‘वेहास’ म्हणजे आकाश. माळ्यावर एक भिक्षू खाटेवर धपकन बसला. खाटेचा सुटा पाय निखळून खालच्या भिक्षूच्या डोक्यावर पडला. तेव्हापासून माळ्यावर सुट्या पायांची खाट वापरणे दोष ठरले. माळ्याला फळ्या ठोकल्या असतील, पायांना खुंट्या मारल्या असतील किंवा खाली वावर नसेल, तर दोष नाही.

अधांतरीच्या निवाऱ्याचे दुसरे उदाहरण युद्धातले आहे. पहिल्या महायुद्धात 1917 पासून जर्मन नौदलाची झेपेलिन हवाईजहाजे 6,000 मीटरच्या आसपास उडू लागली. वजन घटवण्यासाठी खलाशांच्या राहण्याच्या सोयीही काढून टाकल्या गेल्या. माणसे थंडीने आणि विरळ हवेने बेजार झाली. हा अपरिग्रह म्हणता येत नाही. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून आहे. हुकमाने रिकामी झालेली खोली व्रताची ठरत नाही. तिच्यातला माणूस मनाने उबदार बिछान्यातच असू शकतो.

कथेतल्या उंच उडणाऱ्या जहाजावर खलाशांची खोली रचणाऱ्यालाही हाच भेद उपयोगी पडतो. खोली लहान दाखवली की ती खरी वाटते, असे नाही. कोणती वस्तू हुकमाने गेली, कोणती आपणहून सोडली आणि कोणती लपवून ठेवली, हे दिसले की ती खरी होते. आणि खाटेचे पाय ठरवण्याआधी खाली कोण झोपले आहे, ते पाहावे.