डोळ्यांखालची सावली

सकाळी आरशात डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात आणि हात आपसूक कन्सीलरकडे वळतो. तिथली त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, म्हणून आतल्या रक्तवाहिन्यांची सावली वर उमटते. कुणाला ती आईवडिलांकडून मिळते, कुणाला जागरणातून. तान्ह्या बाळासाठी जागलेल्या आईच्या, रात्रपाळी करून परतलेल्या परिचारिकेच्या डोळ्यांखाली हीच सावली असते. झाकावीशी वाटली तर जरूर झाका. त्यात कमीपणा नाही. पण आधी स्वतःला विचारा, झोप पुरेशी झाली का? थकवा जातच नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि आज असं थकलेलं कुणी भेटलं, तर ‘चेहरा किती उतरलाय’ म्हणू नका. ‘थोडी विश्रांती घे, काम मी बघतो’ एवढं म्हणा.