कोणी बघत नसताना खेळलेला डाव

इंग्रजी 'व्ही' हे अक्षर सलग सहा वेळा लिहिलं की एका व्हिडिओ गेमचं नाव तयार होतं. मोठ्याने म्हणायला गेलं की जीभ अडखळते, म्हणून मी त्याला आपलं 'सहा व्ही' म्हणतो. टेरी कॅव्हना या आयरिश गेमकाराने तो जानेवारी २०१० मध्ये आणला. दिसायला तो १९८०च्या दशकातल्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवरच्या खेळांसारखा आहे: काळी पार्श्वभूमी, मोजके भडक रंग, ठोकळ्यांची माणसं. गोष्टही साधीच. कॅप्टन विरिडियनच्या यानात बिघाड होतो, पाच सहकारी विखुरतात, त्यांना शोधून आणायचं. सगळ्यांची नावं त्याच अक्षराने सुरू होतात, आणि जागोजागी जे काटे आहेत तेही त्याच आकाराचे.

कॅप्टनला उडी मारता येत नाही. त्याला गुरुत्वाकर्षण उलटं करता येतं, बस्स. बटण दाबलं की तो छताकडे 'पडतो', पुन्हा दाबलं की जमिनीकडे. एकदा हवेत गेला की मत बदलता येत नाही, पाय कुठेतरी टेकेपर्यंत थांबावं लागतं. एवढ्या एका क्रियेवर सगळी कोडी रचलेली आहेत.

त्यातल्या एका कोड्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. एका खोलीत जमिनीवर एक चमकती वस्तू पडलेली असते. अशा वीस वस्तू गेमभर विखुरलेल्या आहेत. गोष्ट पूर्ण करायला त्यांची गरज नाही. कॅप्टन आणि ती वस्तू यांच्यामध्ये एक बुटका ठोकळा आहे, जेमतेम गुडघ्याएवढा. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये लहान मूलसुद्धा तो टुणकन ओलांडेल. इथे उडीच नाही. म्हणून काय करायचं, तर गुरुत्वाकर्षण उलटं करून, एकावर एक रचलेल्या कित्येक खोल्यांमधून, दोन्ही बाजूंनी काटे असलेल्या अरुंद भुयारातून वर पडत जायचं, वर टेकताच पुन्हा उलटं करायचं, आणि त्याच भुयारातून खाली येऊन ठोकळ्याच्या पलीकडे उतरायचं. मध्ये थांबा नाही. एक काटा लागला की परत तळाशी. ही जागा ज्यूलियस सीझरच्या त्या प्रसिद्ध तीन लॅटिन शब्दांच्या नावाने ओळखली जाते, आणि तळाच्या खोलीच्या नावाचा अर्थ होतो 'अवघड वाटेने करणं'. (खोल्यांना नावं देणारा बेनेट फॉडी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आहे. ते जाणवतं.)

आणि याच गेमच्या मेनूमध्ये एक स्विच आहे. तो चालू केला की काटे लागतच नाहीत. खरंच चालू करायचं का, एवढं गेम एकदा विचारतो. शिवाय गेमचा वेग ८०, ६० किंवा ४० टक्क्यांवर आणायचीही सोय आहे.

आता प्रश्न असा: घरात एकटा बसलेला माणूस तो स्विच चालू करतो, चमकती वस्तू उचलतो आणि झोपायला जातो. त्याने काही गैर केलं का? कोणाचं नुकसान नाही, कोणी हरलं नाही. बहुतेक जण 'छे, त्यात काय' म्हणतील. आणि तरीही, पेशन्स लावताना माझी एक मावशी हळूच खालचं पान उचलून बघायची, तेव्हा आम्ही पोरं 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडायचो. ती शांतपणे विचारायची, "कुणाशी रे?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, पण आपलं म्हणणं खोटं आहे असंही वाटत नव्हतं.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली, ती थोडक्यात अशी: अनावश्यक अडथळे पार करण्याची स्वखुशीने केलेली धडपड. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकणं सोपं आहे. काठीनेच टाकायचा हे मान्य केलं, म्हणून खेळ होतो. या हिशेबाने मावशीने पान बघितलं त्या क्षणी ती पेशन्स खेळायची थांबली. तिने गुन्हा केला नाही, ती फक्त दुसरं काहीतरी करू लागली. मला हे उत्तर पटतं, पण अर्धंच. कारण पत्ते लागल्यावर ती म्हणायची, "लागला बघ!" 'लागला' हा शब्द पहिल्या खेळातला होता.

माझ्या एका मैत्रिणीला संधिवात आहे. बोटं सकाळी मिटत नाहीत, संध्याकाळी उघडत नाहीत. तिने वेग ४० टक्क्यांवर आणून ते भुयार पार केलं, तीन संध्याकाळी लागल्या. मग मला विचारलं, "हे धरायचं का रे?" मी लगेच हो म्हणालो, पण तिला दया नको होती, कारण हवं होतं. ते मला सापडलं ते असं: भुयार कोणासाठी किती अवघड आहे हे काट्यांच्या संख्येवर ठरत नाही, काटे आणि बोटं यांच्यातल्या अंतरावर ठरतं. तिने अडथळा काढला नव्हता, तो आपल्या मापाचा केला होता. चाळिशी लावून वाचणाऱ्याला आपण 'तू खरं वाचलं नाहीस' म्हणत नाही.

पण मग माप कोणी ठरवायचं? तिनेच. आणि इथे एक जुनी अडचण येते. कांटने १७९७ मध्ये 'मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स'मध्ये ती मांडली होती: मीच मला बांधलं असेल, तर मीच मला केव्हाही सोडू शकतो, मग ते बांधणं कसलं? आपल्याकडे स्वतः धरलेल्या उपासाचं हेच होतं. धरणारे आपण, मोडणारे आपण. कांटने सुटका शोधली ती माणसाकडे दोन अंगांनी बघून, एक बांधणारं आणि एक बांधलं जाणारं. मला त्यापेक्षा साधं काहीतरी दिसतं. शनिवारी सकाळी 'काट्यांतून जाऊनच आणीन' म्हणणारा आणि रात्री दोन वाजता शंभराव्यांदा तळाशी आपटलेला, हे दोघे एकाच घरात राहतात, पण एकाच मताचे नसतात. दुसऱ्याला पहिल्याचा ठराव रद्द करायचा अधिकार आहे, तो मी नाकारत नाही. मात्र रद्द केल्यावर पहिल्याच्या नावाने सत्कार घेणं, याला मी फसवणूक म्हणेन, सत्काराला एकटा तोच हजर असला तरी.

कॅव्हनाने ही रेघ जिथे ओढली आहे ती जागा मला फार आवडते. स्विच चालू असेल किंवा वेग कमी केला असेल, तर गेममधल्या घड्याळाशी लावायच्या शर्यती बंद होतात. तिथे आकडे आहेत, आणि आकडे म्हटले की दुसऱ्याचे आकडे आलेच. चमकत्या वस्तूंना मात्र तो हात लावत नाही. काटे बंद ठेवूनही त्या उचलता येतात आणि वीसमध्ये मोजल्या जातात. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, शर्यती तिला नकोच होत्या, पण त्यांच्यावर कुलूप बघून जरा लागलं. या तिच्या लागण्याला माझ्या कुठल्याच युक्तिवादात जागा नाही.

मी स्वतः ते भुयार अजून पार केलेलं नाही. स्विच बंद आहे. गोष्ट संपली की गेम एकूण किती वेळा मेलात ते सांगतो, आणि सगळ्यात जास्त कुठल्या खोलीत, तेही. माझ्या बाबतीत ती खोली कुठली असेल, हे मला आत्ताच माहीत आहे.